पॅटर्नवाल्याची पट्टी

सांबऱ्याहून कॅलगरी, सरळ रेषेत,
साडेबारा हजार किलोमीटर.
हे मोबाइलनं सांगितलं.
माझा मोबाइलवर विश्वास नाही असं नाही,
पण एकतीस वर्षं उद्यमबागेत लाकडाचे पॅटर्न केले,
दुसऱ्यानं घेतलेलं माप
स्वतः परत घेतल्याशिवाय हात करवतीकडे जात नाही.

म्हणून मधुराचा शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावरून काढला.
हिंदी महासागरात शाईचा डाग तसाच होता.
शिवणाचा दोरा घेतला, एक टोक बेळगावावर धरलं,
म्हणजे बेळगाव त्यावर लिहिलेलंच नाही,
गोव्याच्या जरा उजवीकडे, अंदाजानं, अंगठा दाबून.
दुसरं टोक ताणत नेलं,
तर दोरा ना दुबईकडे वळला ना लंडनकडे.
काश्मीर ओलांडून नीट वर चढला
आणि उत्तर ध्रुवावरच्या पितळी स्क्रूला घासून
पलीकडे उतरला.
इतकी वर्षं मी समजत होतो, पोरगी पश्चिमेला आहे.
ती डोक्यावरून पलीकडे आहे,
पाठीवर मधोमध एक जागा असते तशी,
आपलीच, पण हात पोचत नाही.

दोरा पट्टीवर ठेवला. पट्टी आमच्या धंद्यातली,
ओतीव लोखंडासाठी वाढीव खुणांची.
लोखंड निवताना शंभराला एक आकसतं,
म्हणून तिच्यावरचा इंच
खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा.
या पट्टीनं मोजलं
तर सव्वाशे किलोमीटर कमी भरले.
कोल्हापूर गाठून वर थोडं, एवढं अंतर फुकटात वाचलं.
शालनला सांगितलं. ती म्हणाली,
मग चला की, कोल्हापूरपर्यंत तरी जाऊन येऊ.

वेळ मात्र पट्टीवर बसेना.
विमान सरळ गेलं तर चौदा तास.
पण सरळ कोण जातंय?
सांबरा, हैदराबाद, दिल्ली, फ्रँकफुर्ट,
बाकड्यांवर बसलेले तास धरून चौतीस.
गेल्या खेपेला ती परत निघाली
तेव्हा दुसऱ्या रेल्वे गेटात मालगाडी आली.
अठ्ठावन्न वाघिणी मोजल्या मी.
मधुरा सारखी घड्याळ बघायलेली
आणि मी मनात म्हणायलोय,
अजून एक डबा येऊ दे.

बसलिंगप्पा आमच्या फाउंड्रीतला मोल्डर.
वाळू चाळता चाळता विचारतो, एष्टु दूर?
त्याच्या कन्नडात दूर म्हणजे दूरच.
मग विचारतो, वेळे एष्टु?
तीही आपलीच वेळ, शेवटाला एक मात्रा जास्त.
पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावरून
या गावात काचा फुटलेल्या बघितल्यात आम्ही दोघांनी.
पण हे दोन शब्द
एकमेकांना कधी समजावून सांगावे लागले नाहीत.
त्याचा थोरला मस्कतला असतो.
सांगताना तो जरा खालच्या आवाजात सांगतो,
मस्कत म्हणजे माझ्यापुढं काहीच नाही, अशा बेतानं.

थंडीत तिकडचं घड्याळ साडेबारा तास मागं.
मी दुपारी बाराला डबा उघडतो
तेव्हा तिची कालची रात्र अजून संपायची असते.
फोनवर कुजबुजते, बाबा, बाळ आत्ता झोपलंय.
मग मीही, मशिनच्या आवाजात, कुजबुजतो.

नातवाला बसायला पाट करायला घेतला,
सागवानाची एक चांगली फळी राखून ठेवली होती त्याचा.
सवयीनं हातात तीच पट्टी आली, कळलंच नाही.
रंधा मारला, कोपरे घोटले,
पायांना खाचा पाडून, सरस लावून,
शेवटी साध्या टेपनं बघितलं
तर पाट लांबीला, रुंदीला, सगळीकडून
शंभराला एक वाढीव.
एकतीस वर्षांत असा चुकलो नव्हतो.
बसलिंगप्पा हसला. शालन म्हणाली,
तासा की थोडा, बॅगेत बसायला नको?
मी रंधा उचलला,
पात्यावर अंगठा फिरवला, परत ठेवला.
असू दे, म्हटलं.
थंडीचा मुलूख आहे.